रेघेपलीकडचा भाव

१९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत किनवट आणि आदिलाबाद एकाच जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा किनवट तालुका, बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ आणि तिकडं पूर्वेला राजुरा तालुका मुंबई राज्याला जोडला. भाषेच्या हिशेबानं ते रास्तच होतं. तहसिलीत मराठीत अर्ज देता येऊ लागला, पोरांना मराठी शाळा मिळाली. गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांचा त्या हिशेबात कुणी फारसा विचार केला नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बाजार मात्र होता तिथंच राहिला. आदिलाबादच्या जिनिंग, तिथले अडते, तिथल्या सोयरिकी, दिवाळीची खरेदी हे सगळं पूर्वीसारखंच चालू होतं. सोळा वर्षं त्या रेघेचा शेतकऱ्याला जाच असा झाला नाही.

जाच सुरू झाला १९७२ च्या हंगामापासून. महाराष्ट्र सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. त्यासाठीचा कायदा आदल्या वर्षी झाला होता. राज्यात पिकलेला कापूस फक्त सरकारी यंत्रणेनं घ्यायचा, दुसऱ्या कुणी घेतला तर गुन्हा आणि शेतकऱ्यानं दुसऱ्या कुणाला दिला तरी गुन्हा. राज्याबाहेर नेणं तर चोरटा व्यापार. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचं हा हेतू जाहीर होता, आणि तो खोटा होता असं मी म्हणत नाही. अनेक प्रामाणिक माणसांनी या योजनेची बाजू घेतली. पण किनवटच्या डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातून काय आलं? ज्या आदिलाबादला त्याचा आजा उघड्या बैलगाडीनं कापूस नेत होता, त्याच आदिलाबादला नातवाला रात्री, नाका चुकवून, जंगलवाटेनं न्यावा लागला. कापूस तोच होता, रस्ता तोच होता, घेणाराही बहुतेक त्याच घराण्यातला. मधल्या काळात बदललं होतं ते एवढंच, की कोणाला विकायचं हे ठरवण्याचा त्याचा अधिकार काढून घेतला होता, आणि तोही त्याच्या भल्यासाठी.

मुक्त अर्थव्यवस्थेचा विचार मांडणाऱ्यांना आपल्याकडं पुस्तकी समजतात, शहरी समजतात, धनवंतांचे वकील समजतात. मला हा विचार पटला तो या नाक्यामुळं. पुढं जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मांडणीतून आलेलं आहे. ती मांडणी किनवटसारख्या आदिवासी तालुक्यात, जिथं बाजाराचा अनुभव खरोखर वाईट होता तिथं, लावून बघायची आहे.

खरेदी केंद्रावरचा तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. गाड्यांची रांग लागायची. नंबर येईस्तोवर रात्र गाडीखाली काढायची, बैलांचा कडबा बरोबर आणलेला असायचा. नंबर आला की ग्रेडर यायचा. तो मूठभर कापूस उपसायचा, धागा ओढून बघायचा, ओल बघायचा, कवडी किती आहे ते बघायचा आणि ग्रेड सांगायचा. एक ग्रेड खाली आली की मुलीच्या लग्नाचा हिशेब बदलायचा. पटली नाही तर करणार काय? गाडी वळवून न्यायला दुसरं दारच नव्हतं. समोरचा ग्रेडर सज्जन असेल तर नशीब, नसेल तर त्याला खूश करायचं. माल दिल्यावर चुकारा कधी मिळेल ते पंढरीच्या विठोबालाच ठाऊक. हमी भाव आधी, वाढीव रक्कम मागाहून, अंतिम भाव हंगाम उलटल्यावर, आणि त्यातूनही भांडवल निधीची कपात. तोवर पेरणी तोंडावर आलेली असायची आणि बी-बियाण्यासाठी शेतकरी पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर, ज्याच्यापासून त्याला वाचवायची प्रतिज्ञा झाली होती.

योजनेचा दुसरा भाग जास्त शिकवणारा आहे. जगात कापसाला तेजी आली की महाराष्ट्रातला कापूस आंध्रात, गुजरातेत, मध्य प्रदेशात पळायचा. मंदी आली आणि इथला हमी भाव बाहेरच्या भावापेक्षा चढा राहिला की तिकडचा कापूस याच वाटांनी उलटा इकडं यायचा आणि खरेदी करणाऱ्या पणन महासंघाच्या काट्यावर महाराष्ट्राचा म्हणून चढायचा. म्हणजे फायद्याच्या वर्षी माल निसटायचा आणि तोट्याच्या वर्षी अख्ख्या शेजारपाजारचा तोटा महाराष्ट्राच्या तिजोरीत यायचा. संचित तोटा हजारो कोटींत गेला तेव्हा, नवं शतक उजाडल्यावर, योजना हळूहळू मोडीत निघाली. तीस वर्षं लागली. नाक्यावरच्या हवालदाराला जे पहिल्या दोन हंगामांत समजलं असणार, ते मंत्रालयाला समजायला एक पिढी गेली.

एवढी वर्षं का लागली? १९४५ साली फ्रीडरिक हायेक यांनी एक मुद्दा मांडला होता. कुठं काय पिकतं, कुणाला काय हवं, कुणाची किती अडचण आहे ही माहिती लाखो माणसांकडं तुकड्या-तुकड्यांनी असते. ती एका कचेरीत गोळा करता येत नाही, कारण त्यातली बरीचशी ज्याची त्यालाही सांगता येत नसते; ती भावातून कळते. भाव बांधून टाकला की माहितीचा तो झरा आटतो आणि कचेरी आंधळेपणानं निर्णय घेऊ लागते. तिथं बसलेला अधिकारी हुशार असो, चारित्र्यवान असो, फरक पडत नाही. किनवटला हे सिद्धांत म्हणून शिकवायची गरज नाही. इस्लापूरच्या शेतकऱ्याला आदिलाबादचा भाव मुंबईच्या सचिवापेक्षा आधी कळत होता.

आता कुणी म्हणेल, बाजार मोकळा झाला तरी आत्महत्या थांबल्या का? उलट १९९१ च्या खुलीकरणानंतरच तर त्या सुरू झाल्या. हा समज इतका रुजला आहे की त्याच्याशी थोडं थांबून बोलायला हवं. पैनगंगेपलीकडं, महागाव तालुक्यात चिलगव्हाण नावाचं गाव आहे. तिथले साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. खुलीकरणाच्या पाच वर्षं आधी, एकाधिकार योजना पूर्ण जोरात असताना. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनाची मंडळी दर १९ मार्चला अन्नत्याग करतात तो याच आठवणीत, आणि त्यांची मागणी कर्जमाफीची नाही; कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा अशी आहे. एका कुटुंबाच्या मरणाचं खापर मी एका योजनेवर फोडणार नाही, तो अधिकार मला नाही. पण बाजार मोकळा होण्याआधी शेतकरी सुखात होता ही कहाणी खरी नाही, आणि ती सांगणाऱ्यांनी नदी ओलांडून एकदा तिकडं जाऊन यावं.

शिवाय शेतीचा बाजार मोकळा झाला हेही अर्धंच खरं. कापसाला तेजी आली तेव्हा केंद्रानं एप्रिल २०१० मध्ये निर्यात थांबवली, मार्च २०१२ मध्ये पुन्हा थांबवली. २०२१ मध्ये आयातीवर ११ टक्के शुल्क बसवलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस घरात यायच्या बेतात असताना, ते तात्पुरतं उठवलं. डाळींची निर्यात २००६ पासून २०१७ पर्यंत बंद होती. २०१६ च्या खरिपात तुरीचं उदंड पीक आलं तेव्हा लातूरच्या बाजारात तूर हमी भावाखाली विकली जात होती आणि परदेशी विकायची दारं लावलेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले. मी आयातीच्या विरोधात नाही. गिरणीवाल्याला स्वस्त कापूस घ्यायचा हक्क आहे. पण मग शेतकऱ्याला महाग विकायचा हक्कही तेवढाच हवा. घेणाऱ्याच्या सोयीनं दार उघडायचं आणि विकणाऱ्याच्या सोयीची वेळ आली की तेच लावायचं, याला मुक्त बाजार म्हणत नाहीत. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांवर गेला. लांब धाग्याचा हमी भाव त्या वर्षी ६,०२५ रुपये होता. त्या हंगामात किनवटच्या ज्या घरांवर पत्रे चढले त्यांना विचारा, एकाधिकार असता तर हा पैसा त्यांच्या हाती आला असता का. त्यानंतर भाव उतरले हेही खरं. बाजारात भाव उतरतात. उतरलेला भाव सोसायला चढलेल्या भावाची कमाई गाठीला असावी लागते, आणि तीच दरवेळी मधल्यामध्ये कापली गेली.

शरद जोशींबद्दल इथं थोडं सांगायला हवं, कारण मराठवाड्यातल्या नव्या पिढीला ते ऊस-कांद्याच्या आंदोलनापुरतेच माहीत आहेत. स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला. तोट्याची शेती करून बघितली, हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की शेतकरी आळशी, अडाणी, व्यसनी आहे म्हणून गरीब नाही. त्याच्या मालाला भाव मिळू नये अशी धोरणंच आखलेली आहेत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तिथून आली. सुरुवातीला मागणी रास्त भावाची होती, म्हणजे सरकारनं भाव द्यावा अशीच. पुढं ती स्वातंत्र्याच्या मागणीत बदलली: बाजाराचं स्वातंत्र्य, तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य. जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात डावे-उजवे सगळे रस्त्यावर होते तेव्हा त्याच्या बाजूनं उभं राहणारा शेतकऱ्यांचा पुढारी हाच. हा प्रवास मला त्यांच्या विचारातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. भाव देणारं सरकार भाव पाडूही शकतं, हे त्यांनी अनुभवातून ओळखलं.

मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं. ते एक मत शरद जोशींचं. ज्यानं १९८६ ला चांदवडला लाखो शेतकरी बायांचं अधिवेशन भरवलं, लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावली, त्याचं. त्यांचा आक्षेप बायकांना नव्हता, फिरत्या मतदारसंघांना होता. दर निवडणुकीला राखीव जागा फिरणार असेल तर निवडून आलेल्या बाईला तिथं पाय रोवायची सवडच मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर की चूक यावर मतभेद होऊ शकतात. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. कायद्याचं नाव काय आहे, हेतू किती थोर आहे, हे त्यांनी बाजूला ठेवलं आणि तो चालेल कसा एवढंच विचारलं. सभागृहात एकट्यानं हात वर करायला जे बळ लागतं ते आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळ झालं आहे. धोरणाकडं संशयानं पाहणारा माणूस गरिबाचा वैरी, ही समजूत त्या एका मताकडं पाहून तरी सोडायला हरकत नसावी.

आता सर्वांत अवघड प्रश्न. आणि तो किनवटमध्ये बसून टाळता येत नाही.

इथल्या गोंड, कोलाम, आंध कुटुंबांनी बाजार पाहिला तो सावकाराच्या रूपात. निजामाच्या काळात बाहेरून आलेल्यांनी आदिलाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या किनवटच्याही मुलखातल्या, आदिवासींच्या जमिनी गिळल्या. वनखात्यानं उरलेल्या राखीव करून टाकल्या. त्या रागातून कोमराम भीम उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला या भागात पाठवलं. मारलावाईत राहून त्यानं गोंडांचं म्हणणं ऐकलं, गोंडीतून शिकवणारी केंद्रं सुरू केली, जमिनीचे पट्टे मिळवून द्यायला मदत केली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानं १९७४ साली जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आणलं आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जाऊ नये अशी तरतूद केली. कर्मठ मुक्त बाजारवादी म्हणेल, हेही विक्रीच्या स्वातंत्र्यावरचं बंधन आहे, काढून टाका. मी तसं म्हणणार नाही. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन, दारू पाजून, खोटा हिशेब दाखवून जे झालं ते खरेदी-विक्री नव्हतंच, ती लूट होती. करार म्हणायला दोन्ही बाजूंना ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. जोवर तलाठी कार्यालयातला सातबारा वाचून घ्यायला दुसऱ्याचे पाय धरावे लागतात, तोवर ते कुलूप असू द्यावं. त्याची किल्ली मात्र जिल्हाधिकाऱ्याऐवजी ग्रामसभेकडं असावी असं मला वाटतं, कारण गावाला कोण अडचणीत आहे आणि कोण फसवला जातो आहे हे नांदेडच्या कचेरीपेक्षा जास्त कळतं.

जमिनीचं कुलूप मी मान्य केलं, पण १९७६ चा आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा मान्य करू शकत नाही. कापसासारखाच तोही एकाधिकाराचा. आदिवासी भागात ठरावीक धान्य आणि वनोपज व्यापाऱ्यानं घ्यायचं नाही, आदिवासी विकास महामंडळानंच घ्यायचं. गावात एकच लबाड व्यापारी होता ही अडचण होती. उपाय काय निघाला, तर त्यालाही काढून एकच सरकारी खरेदीदार बसवायचा. आठवडी बाजारात डिंक-चारोळी घेऊन आलेल्या बाईला चार गिऱ्हाइकं असतील तर ती भाव करेल. एक असेल तर तो कुठल्याही खात्याचा असो, तो देईल त्या भावाला देऊन ती घरी जाईल. केंद्रावर पैसा आला नाही, बारदाना संपला, साहेब सुट्टीवर आहेत, असं ऐकून परत फिरलेल्या बाईनं मग गावातल्याच व्यापाऱ्याला चोरून दिलं, आणि चोरीचा माल म्हणून त्यानं भाव आणखी पाडला. तिला संरक्षण देणाऱ्या कायद्यानं तिचीच बाजू लंगडी केली.

हाच स्वभाव खावटीत दिसतो. टाळेबंदीनंतर राज्यानं आदिवासी कुटुंबांना ४,००० रुपयांचं खावटी अनुदान जाहीर केलं: २,००० रुपये खात्यात आणि २,००० रुपयांच्या वस्तू. टाळेबंदी २०२० च्या उन्हाळ्यातली, जिन्नस घरोघर पोचायला २०२१ उजाडलं. पोत्यात कडधान्य, डाळी, तेल, मीठ, साखर, चहापत्ती, तिखट, गरम मसाला. एखाद्या कोलाम पोडावरच्या बाईला या महिन्यात गरम मसाला हवा की लेकराचं औषध, की पावसाआधी छपरावर टाकायला ताडपत्री, हे कुणी ठरवलं? निविदा काढणाऱ्यांनी. खात्यात २,००० टाकता येत होते तर ४,००० टाकायला काय आड येत होतं? आड येते ती खरेदी. आदिवासी विकास विभागातल्या खरेदीचा इतिहास न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड समितीच्या अहवालात नोंदलेला आहे. रोख रकमेत दलाली बसवायला जागा कमी असते, पोत्यात भरपूर असते. ‘रोख दिले तर दारूत उडवतील’ असं सुशिक्षित माणसं सहज बोलून जातात. आपल्या पगारावर असं कुणी पोत्याचं बंधन घालू दिलं असतं का? मला हे बोलणं ऐकवत नाही. बहुतेक घरांत पैसा बाईच्या हाती टिकतो, आणि ज्या घरात टिकत नाही तिथं मसाल्याचं पाकीटही पन्नास रुपयांना विकलं जातं.

संस्कृतीच्या नावानं होणारे कायदे मला याच कसोटीवर घासून बघावेसे वाटतात. १९९५ साली विधिमंडळानं मंजूर केलेलं गोवंश हत्याबंदीचं विधेयक वीस वर्षांनी, २०१५ च्या मार्चमध्ये, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर लागू झालं. गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानंच बंद होती, आता बैल आणि वळूही त्यात आले. गायीबद्दलची श्रद्धा मी मानतो, माझ्या घरातही पोळा होतो. पण किनवटच्या चढ-उताराच्या रानात ट्रॅक्टर सगळीकडं जात नाही, बैलावरच शेती आहे. थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, हा कोरडवाहू शेतकऱ्याचा घसारा निधी होता. कायद्यानं म्हाताऱ्या बैलाची किंमत शून्यावर आणली आणि चारा-पाण्याचा खर्च त्याच्याच गळ्यात टाकला. समाजाला एखादं मूल्य जपायचं असेल तर त्याची किंमत समाजानं द्यावी: बैल सरकारनं रास्त भावानं विकत घ्यावा आणि सांभाळावा. तसं न करता पुण्य सगळ्यांचं आणि भुर्दंड चार एकरवाल्याचा, ही वाटणी कुठल्या धर्मात बसते? शेतकरी संघटनेच्या विचाराचे लोक हे तेव्हाही बोलले, पण गर्दीत त्यांचा आवाज दबला.

साहित्य-कलेचं थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं अनघा लेले यांच्या अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार आठवडाभरात रद्द केला. मूळ पुस्तक कोबाड गांधी यांचं होतं, ते सरकारला नको होतं. लेखक-समीक्षकांनी राजीनामे दिले, निषेध झाला, तो योग्यच होता. पण त्या निषेधात एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही: पुरस्कार देणं हे सरकारचं काम का असावं? देणारा हात मागेही घेतो. आमच्या भागातले परधान किंगरीवर गोंडांच्या कुळांच्या कथा गात आले ते यजमान घरांच्या बळावर. दिवाळीत दंडारीचे मेळ गावोगाव फिरतात, ज्या गावी जातात ते गाव त्यांना जेवू घालतं. माळेगावच्या यात्रेत तमाशाचे फड तिकिटावर उभे राहिले. कलावंत गरीब राहिले, हे मी नाकारत नाही, आणि म्हातारपणी त्यांना मानधन मिळालं तर माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती कला जगते सरकारी अनुदानावर या समजुतीला. परधानाला यजमान उरला नाही, कारण यजमानाच्याच हातात पैसा उरला नाही. गोंडाच्या मालाला भाव मिळाला तर किंगरी वाजेल. त्यासाठी सांस्कृतिक खात्याच्या जिल्हास्तरीय महोत्सवात पंधरा मिनिटं नाचून दाखवायची गरज नाही.

मोकळीक दिली की काय होतं याचं उत्तर महाराष्ट्रात आहे आणि तेही आदिवासींनीच दिलेलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावानं बांबू स्वतः विकला. तेंदूपत्त्यावर १९६९ च्या कायद्यानं सरकारचा एकाधिकार होता. २०१३ पासून गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः लिलावात घातला, आणि अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या नियमांनी राज्यभरातल्या अशा क्षेत्रांत तो रस्ता मोकळा झाला. ग्रामसभांनी चुका केल्या, काही ठिकाणी ठेकेदारानं बुडवलंही. पण मालकी आपली आणि गिऱ्हाईक आपण निवडायचं, ही गोष्ट एकदा कळली की गाव पुन्हा वनखात्याच्या फडीवर मजुरीला जायला राजी होत नाही. मालकी हक्क आणि विक्रीचं स्वातंत्र्य यांवर अर्थतज्ज्ञांनी लिहिलेल्या ग्रंथांपेक्षा मेंढ्याच्या ग्रामसभेचं इतिवृत्त मला जास्त पटतं.

किनवटमध्ये याची कसोटी मोहावर लागणार आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात बाया झाडाखाली जातात, ऊन चढायच्या आत फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं फुलं जवळ बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर बंधनं होती. म्हणून वाळलेली फुलं साठवून भाव चढायची वाट बघणं म्हणजे धाडीला आमंत्रण. ऐन हंगामात, सगळ्यांची फुलं एकदम बाजारात येतात तेव्हा, मिळेल त्या भावाला द्यायची आणि पावसाळ्यात तीच फुलं दामदुपटीनं विकत आणायची. २०२१ मध्ये राज्यानं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली. निर्णय चांगला झाला, त्यासाठी एक पैशाचं अनुदानही लागलं नाही.

पण फुलाची खरी किंमत गाळण्यात आहे आणि घरी गाळणं अजून गुन्हाच आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूसाठी वारसा मद्याचं धोरण आणलं. इथं मात्र देवाला पहिली धार वाहणाऱ्या घराच्या हंड्यावर पोलिसाची लाथ बसते आणि त्याच गावच्या नाक्यावर परवान्याचं देशी दारूचं दुकान सरकारला महसूल देत उभं असतं. दारूनं संसार मोडतात हे मला कुणी सांगायला नको. चांदवडनंतर शेतकरी महिला आघाडीच्या बायांनी गावोगावची दुकानं बंद पाडली ती याच कारणानं. म्हणून हा निर्णय गावानं, बायांच्या ग्रामसभेनं घ्यावा. कुठल्या गावात भट्टी नको, कुठं सणापुरती चालेल, कुठं परवाना घेऊन बाटलीत भरून नांदेड-हैदराबादला विकायची, हे प्रत्येक पोडानं आणि तांड्यानं आपापलं ठरवावं. मादक पदार्थांचं नियमन करायचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दिलेलाच आहे, आणि किनवट अनुसूचित क्षेत्रात येतं. आडवं येतं ते १९४९ चं राज्याचं कलम. दारू हा घटनेनं राज्याचा विषय आहे, ते कलम बदलायला दिल्लीची परवानगी लागत नाही.